शांत काटा

मन शांत आहे, म्हणजे ते निर्दोष आहे, असे आपण सहसा धरून चालतो. ‘माझी सदसद्विवेकबुद्धी मला टोचत नाही’ हे वाक्य आपल्या घराघरांतून अखेरचा निवाडा म्हणून ऐकू येते. हा निवाडा कितपत ग्राह्य मानावा, याचा विचार करताना जुन्या मोटारींतील एका लहानशा उपकरणाचे उदाहरण उपयोगी पडावे.

१९०८ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. इंजिन किती तापले आहे हे सांगणारे मापक कारखान्यातून येताना तिच्यात नसे. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्यास पाणी फिरवणारा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे आणि पुन्हा इंजिनाकडे जाई. वाफ उसळली की चालकाला कळे. पण तोवर उशीर झालेला असे. पुढे ‘बॉइस मोटोमीटर’ नावाचा तापमापक निघाला. तो रेडिएटरच्या टोपणावर बसवीत आणि त्यातील तांबडी रेघ चालकाला समोरच्या काचेतून दिसे. मात्र तो प्रत्यक्ष पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील वाफेचे तापमान दाखवी. नंतरच्या मोटारींत काटा चालकासमोर आला आणि मापकाचा कंद पाण्यात बुडालेला राहू लागला.

कंद पाण्यात आहे तोवरच काटा खरे बोलतो. गळती लागून पाणी उतरले आणि कंद उघडा पडला, तर पिस्टन सिलिंडरला चिकटण्याइतके इंजिन तापलेले असतानाही काटा खालीच राहू शकतो. काटा मोडलेला नसतो. ज्याच्या आधारे तो जाणतो, ते पाणीच नाहीसे झालेले असते. म्हणून जुनी गाडी जपणारा जाणकार निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, टोपण उघडून पाणी पाहतो आणि वाटेत जळका वास येतो काय, याकडेही लक्ष ठेवतो.

आपल्या अंतःकरणाचेही असेच आहे. वडिलांच्या पश्चात बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. मृत्युपत्र नसेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा देतो, हे ठाऊक असूनही ‘तिचे लग्न थाटात करून दिले’ एवढे म्हटले की आपला काटा जागचा हलत नाही. त्याच रविवारी आपण मिस्साला जातो, ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो. मन खरोखरच शांत असते. ही शांती प्रभूची, की कोरड्या पडलेल्या कंदाची?

आपल्याला स्वतःत दोष दिसत नाही, पण तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे, असे संत पौलाने करिंथकरांना कळविले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीचा गौरव केला. त्याचबरोबर पापाच्या सवयीने ती हळूहळू आंधळी होऊ शकते, असा इशाराही दिला.

मग या बुद्धीवर विश्वासच ठेवू नये काय? तसे नव्हे. तिचा निश्चित कौल आपण पाळलाच पाहिजे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. परंतु तिला सत्याचे पाणी पुरविणे हेही आपलेच कर्तव्य आहे. काटा फोडून टाकणारा चालक शहाणा नव्हे, तसा क्षणोक्षणी काट्याकडेच पाहणाराही नव्हे. मान्रेसा येथे १५२२ साली संत इग्नेशियस अशाच अतिरेकी शंकांनी पोळले होते. त्यांनीच पुढे आत्मपरीक्षणाची नेमस्त शिस्त घालून दिली.

प्रार्थना, देववचन आणि पापनिवेदन यांनी हे पाणी राखले जाते. पण आत्मपरीक्षणाच्या वेळी ‘मला काही टोचते आहे काय?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ‘माझ्यामुळे कोण पोळते आहे?’ हेही आपण विचारले पाहिजे. त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्या मनात सापडत नाही; बहिणीच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून ते ऐकावे लागते. सही करताना ती काहीच बोलली नव्हती, हे त्याचे उत्तर नव्हे.