वाट विचारून घ्यावी

निवृत्तीनंतर एका गुरुजींनी कोल्हापूरचं भाड्याचं घर सोडून गडहिंग्लजला, आपल्या गावी जायचं ठरवलं. मुलाने ट्रक ठरवला आणि म्हणाला, "आप्पा, एकाच जिल्ह्यातलं काम आहे. परराज्याची भानगडच नाही."

सकाळी ट्रक दारात आला. कपाट चढवायच्या आधी गुरुजींनी ड्रायव्हरला विचारलं, "कुठल्या वाटेनं नेणार?"

"कागलवरनं निपाणी, तिथनं गडहिंग्लज. रोजचीच वाट हाय, गुरुजी."

"निपाणी कर्नाटकात आहे. परमिट कुठलं आहे?"

"महाराष्ट्राचं. पण कोण अडवत न्हाई."

"अडवत नाहीत म्हणजे चालतं, असं नाही," गुरुजी म्हणाले. "एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. दोन्ही टोकं एकाच राज्यात असली आणि परराज्यातला रस्ता 16 किलोमीटरच्या आत असला, तर कायद्यात सूट आहे. तो तुकडा कधी मोजलात?"

ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली.

"मग सूट गृहीत धरता येणार नाही. वाटेत गाडी थांबवली तर दंड तुम्हाला होईल आणि आमचा संसार रस्त्यावर अडकेल."

आता मुलगा घाबरला. "मग सामानाला ई-वे बिल काढायचं? माझ्या स्कूटरचा नंबर बदलायचा?"

गुरुजींनी त्याला शेजारी बसवलं. "वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. खोक्यातला टीव्ही मात्र नवा आहे, त्याचं बिल हाताशी ठेव. आणि गाडी परराज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तुझी स्कूटर निपाणीतून फक्त जाणार आहे, राहणार गडहिंग्लजला. सरहद्द एकच, पण ट्रकला वाट विचारायची, सामानाला नवं की जुनं ते विचारायचं आणि स्कूटरला मुक्काम विचारायचा."

ड्रायव्हर थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने नॅशनल परमिट असलेल्या ओळखीच्या ट्रकवाल्याला फोन लावला. भाडं थोडं वाढलं. मुलगा कुरकुरला, पण गुरुजींनी ते आनंदाने कबूल केलं. वाट, भाडं आणि सामानाची यादी कागदावर लिहून गुरुजींच्या आणि नव्या ट्रकवाल्याच्या सह्या झाल्या. दिवस मावळायच्या आत सामान गडहिंग्लजला उतरलं.

पुढे त्या ड्रायव्हरकडे कुणी भाडं ठरवायला आलं, की तो पैशाआधी वाट विचारू लागला. परमिटात न बसणारं भाडं तो सरळ दुसऱ्याला द्यायचा. गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली नाहीत. लोक त्याच्यावर अधिक विश्वास टाकू लागले.

तात्पर्य : निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण एकाच राज्यात आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. मधली वाट कुठून जाते ते आधी विचारावं आणि मगच सामान गाडीत चढवावं.