उःशाप नसलेली परीकथा

टिम बर्टन दिग्दर्शित ‘एडवर्ड सिझरहँड्स’ (१९९०) ही गॉथिक वळणाची परीकथा आहे. मात्र तिच्यात शाप असूनही उःशाप नाही. टेकडीवरच्या ओसाड वाड्यात एका वृद्ध संशोधकाने घडवलेला एडवर्ड हा कृत्रिम तरुण. त्याचे खरे हात तयार होतात, पण ते बसवण्याआधीच संशोधक मरण पावतो आणि बोटांच्या जागी कात्रीची पातीच राहून जातात. परीकथेतला बेडूक प्रेम मिळाले की राजपुत्र होतो. एडवर्डचे हात शेवटपर्यंत तसेच राहतात. चित्रपटाचे मोठेपण यात आहे, कारण नायक बदलणारच नसेल, तर बदलायचे कोणी, हा प्रश्न भोवतालच्या वस्तीकडे वळतो.

लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये वाढलेल्या बर्टनने किशोरवयात काढलेले एक रेखाचित्र हे या कथेचे मूळ. पटकथा कॅरोलिन थॉम्पसन यांची. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीशी तिचे नाते उघड आहे, पण एक फरक मोलाचा आहे. तिथे निर्माता आपल्या निर्मितीला पाहून पळ काढतो. इथे तो तिला शिष्टाचार शिकवतो, कविता वाचून दाखवतो. भयपटांत हयात घालवलेल्या व्हिन्सेंट प्राइस यांनी हा संशोधक विलक्षण मायेने उभा केला आहे. एडवर्डच्या स्वभावात सूडाचा अंश नाही, याचे कारण या मायेत सापडते.

गॉथिक कथेत भय वाड्यात असते. इथे पडका वाडा आतून कोवळा आहे आणि त्याच्या अंगणात कातरलेल्या झुडपांची शिल्पे आहेत. धास्ती वाटते ती खालच्या वस्तीची. फ्लोरिडातल्या एका खऱ्या वसाहतीतली घरे फिकट गुलाबी, पिवळ्या, निळसर रंगांत रंगवून बो वेल्श यांनी ती उभी केली. सगळी घरे एका साच्यातली, सगळ्या गाड्या एकाच वेळी बाहेर पडणाऱ्या.

सौंदर्यप्रसाधने विकणारी पेग एडवर्डला घरी आणते. तिची करुणा अस्सल आहे, तरी तिचाही पहिला प्रयत्न त्याच्या चेहऱ्यावरचे व्रण झाकण्याचा असतो. शेजाऱ्यांचे स्वागत तर त्याच्या उपयोगाचे आहे. तो कुंपणे कातरतो, कुत्र्यांचे आणि मग बायकांचे केस कापतो, तोवर कौतुकाला भरती येते. स्वतःच्या धंद्यासाठी मात्र त्याला बँक कर्ज देत नाही. जॉइस या शेजारणीची लगट त्याने झिडकारली आणि घरफोडीत त्याला फसवून गोवले गेले, की तेच हात सर्वांना शस्त्रे वाटू लागतात. कौशल्याला दिलेली जागा माणसाला दिलेली नव्हती.

जॉनी डेप यांना संवाद अगदी थोडे आहेत. सगळे काम डोळे, आखडलेली चाल आणि स्टॅन विन्स्टन यांनी घडवलेली पाती करतात. मॅथ्यू बोर्न यांनी २००५ मध्ये या कथेचे शब्दांविना नृत्यनाट्य केले, ते जमण्यासारखेच होते. पेगची मुलगी किम एडवर्डला जवळ घ्यायला सांगते, तो प्रसंग तर चित्रपटाचा गाभा आहे. इजा होईल या भीतीने तो थांबतो. तेव्हा ती स्वतःच त्याचे हात आपल्याभोवती घेते. हात बदलत नाहीत, त्यांच्याजवळ जाण्याची रीत बदलते. जे अख्ख्या वस्तीला साधले नाही ते एका मुलीला साधते, आणि डॅनी एल्फमन यांचे संगीत या क्षणाला भाबडेपणापासून सावरते.

उणीव आहे ती किमचा प्रियकर जिम याच्या रेखाटनात. तो इतका सरळसोट दुष्ट आहे की सामूहिक क्रौर्याचा बराचसा भार त्याच्या एकट्याच्या माथी जातो आणि एडवर्डच्या हातून त्याचा मृत्यू झाल्यावर प्रेक्षकाला सोपी सुटका मिळते. शेवटाने ही कसर काहीशी भरून काढली आहे. एडवर्डला पळू देण्यासाठी हवेत गोळ्या झाडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याएवढाही विवेक जमावात नाही. किम वाड्यातला पात्यांचा एक सुटा हात दाखवून एडवर्ड मेल्याचे खोटेच सांगते आणि लोक आपापल्या घरी परततात. त्यांच्या पश्चात्तापाचे एकही दृश्य बर्टनने ठेवलेले नाही.