लष्करी आगगाडीचा देखावा

लष्करी आगगाडीची प्रतिकृती करणे हा मोजमापाचा छंद आहे. खरी गाडी ठरावीक पटीने लहान करायची आणि तीच पट इंजिनाच्या चाकापासून फलाटावर बसलेल्या शिपायाच्या ट्रंकेपर्यंत प्रत्येक वस्तूला लावायची, हा त्याचा पहिला नियम. गाडीभोवती रूळ, माती, झाडे आणि माणसे मांडून एखाद्या दिवसाचा एखादा क्षण उभा केला की त्याला डायोरामा म्हणतात. लुई दागेरने १८२२ मध्ये पॅरिसला रंगवलेल्या पडद्यांचा आणि बदलत्या उजेडाचा जो खेळ सुरू केला, त्याचे हे नाव. मराठीत त्यासाठी 'देखावा' हा शब्द आहेच. गणपतीच्या मंडपांनी तो गावोगावी रुजवला आहे.

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरच्या उंब्रजला किंवा कऱ्हाड तालुक्यातल्या कुठल्याही गावाला ही कला परकी वाटण्याचे कारण नाही. दिवाळीच्या आधी अंगणात विटा, दगड आणि जुनी पोती रचून, वर चिखल लिंपून किल्ला उभा राहतो. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. बुरुज, तळे, तोफा, दरवाजावरचे पहारेकरी आणि वर सिंहासनावर शिवाजी महाराज. ज्या मुलाने तळबीडचा वसंतगड पायी चढून पाहिला आहे, त्याच्या किल्ल्याची वाट खऱ्या वाटेसारखी वळणे घेते. युद्धाचा देखावा घडवण्याचे पहिले शिक्षण महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना असे आपोआप मिळते, आणि ते चांगले शिक्षण आहे: समोरून पाहणाऱ्याला काय दिसेल, उंची कुठे हवी, मोकळी जागा कुठे सोडायची, हे हातांना कळते.

मात्र या किल्ल्यात एक माप नसते. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि गवळण तटावरून सहज पलीकडे पाहू शकेल एवढी असते. ही चूक समजू नये. तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो, जुन्या चित्रांतही राजा इतरांपेक्षा मोठाच काढत. प्रमाणबद्ध देखावा हा मान काढून घेतो. त्यात सेनापती आणि पाणक्या एकाच उंचीचे असतात. छंदाचा खरा अर्थ इथे सुरू होतो, कारण सगळ्यांना एकच माप लागले की पूर्वी न दिसणारी माणसे दिसू लागतात.

मापे बरीच आहेत, पण रेल्वेच्या प्रतिकृतींत १:८७ हे सर्वांत रुळलेले, तर लष्करी प्रतिकृतींत १:३५ आणि १:७२. यांतले १:३५ काहीसे योगायोगाने आले. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक रणगाडा केला. आत मोटर आणि बॅटरी मावतील असे त्याचे आकारमान ठरवले, आणि त्याचे प्रमाण मोजले तर ते पस्तिसाव्या भागाच्या जवळपास निघाले. पुढे साऱ्या जगाने तेच उचलले. साडेपाच फुटी शिपाई १:३५ मध्ये पावणेपाच सेंटीमीटरचा होतो, तर १:८७ मध्ये दोन सेंटीमीटरहूनही कमी. पहिल्या मापात चेहऱ्यावरचा थकवा दाखवता येतो. दुसऱ्यात चेहरा जवळजवळ हरवतो, पण अख्खी गाडी मावते. तीनशे मीटरचा फलाट १:८७ मध्ये साडेतीन मीटर भरतो आणि १:३५ मध्ये साडेआठ मीटर. तेवढी जागा उंब्रजच्या ऐसपैस वाड्यातही सहज निघत नाही, म्हणून फलाटाचा एक तुकडा आणि एक-दोन डबे यांवरच भागवावे लागते.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न भारतीय कारागिराला विशेष छळतो. बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा तयार रूळ युरोपातल्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाचा बरोबर सत्त्याऐंशीवा भाग आहे. भारतातला ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचा, त्याला १९.३ मिलिमीटर हवेत. तयार रुळावर भारतीय गाडी ठेवली की ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. चालती गाडी हवी असणारे हा दोष पत्करतात. उभा देखावा करणाऱ्याने तो पत्करू नये. स्लीपर स्वतः कापून त्यांवर योग्य अंतराने रूळ बसवणे दोन-तीन संध्याकाळचे काम आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मिलिमीटरच्या मार्गाचे मात्र नशीब चांगले: नऊ मिलिमीटरचा तयार रूळ तिला १:८७ मध्ये जवळजवळ तंतोतंत बसतो.

माप ठरल्यावर प्रश्न येतो प्रसंगाचा, आणि खरा कस इथेच लागतो. लष्करी गाडी म्हटली की चिलखती डबे, तोफा आणि धुराचे लोट डोळ्यांपुढे येतात. सातारा जिल्ह्याने विसाव्या शतकातली महायुद्धे तशी पाहिली नाहीत. इथल्या गावांनी युद्ध पाहिले ते स्टेशनावर. सातारा तालुक्यातले अपशिंगे हे गाव 'मिलिटरी' हे बिरुद नावातच मिरवते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आया-बायकांना त्यांची लढाई कधी दिसली नाही. दिसला तो निघण्याचा दिवस. गाडी आली, शिपाई चढला, गाडी गेली. या मुलखातल्या युद्धाचा सर्वांत सच्चा देखावा फलाटाचाच होईल आणि त्यात एकही गोळी सुटणार नाही.

ती गाडी मीटर गेजची होती. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे आणि पुढे बेळगाव, लोंढ्याकडे नेलेला हा मार्ग उंब्रजच्या पूर्वेला तारगाव, मसूर, कऱ्हाड असा जातो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ब्रॉड गेज झाला. मराठा पलटणींचे केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला साताऱ्याचा रिक्रूट दक्षिणेकडची गाडी पकडून प्रशिक्षणाला गेला. समुद्रापार जाणाऱ्याची वाट उत्तरेकडची. पुण्यापर्यंत मीटर गेज, तिथून मुंबई बंदरापर्यंत जी.आय.पी. रेल्वेचा ब्रॉड गेज. मापे वेगळी म्हणून डबे पुढे जाऊ शकत नसत; माणसे, वळकट्या आणि दारूगोळ्याच्या पेट्या पुण्यात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागत. शेजारी शेजारी दोन गाड्या, एकीखाली साडेअकरा मिलिमीटरचा मार्ग आणि दुसरीखाली १९.३ चा, मधल्या फलाटावर पाठीवर पेट्या घेतलेली माणसे. युद्ध म्हणजे किती मोठी वाहतूक असते, हे एवढ्या मांडणीतून समजते. पहिल्या महायुद्धात भारतातली मीटर गेजची इंजिने, डबे आणि रूळसुद्धा जहाजांवर चढवून मेसोपोटेमियात नेले गेले आणि बसऱ्याहून नासिरियापर्यंत त्यांचा मार्ग टाकला गेला.

मेसोपोटेमियातच कूत-अल-अमाऱ्याला १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सुमारे १३,००० सैन्याने शरणागती पत्करली. पुढे भारतीय कैद्यांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले गेले. उपासमार, ताप आणि उन्हाने त्यांतले कितीतरी तिथेच गेले. हा देखावा फारसा कोणी करत नाही, आणि तो व्हायला हवा. त्यात गाडी दूर क्षितिजाशी छोटी असावी, अलीकडे अर्धवट टाकलेला मार्ग, खडीच्या पाट्या, पहारेकरी आणि फाटक्या कपड्यांतली माणसे. तो मार्ग १,४३५ मिलिमीटरचा होता. बाजारातला तयार रूळ या देखाव्याला अचूक बसतो. मसूरच्या स्टेशनाला तो बसत नाही.

चिलखती गाडीला वेगळे स्थान आहे. पोलादी पत्रे ठोकलेली, फटींतून बंदुका रोखणारी ही गाडी अजिंक्य दिसते, पण रूळ सोडून जाऊ शकत नाही, हे तिचे दुबळेपण. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत चीव्हलीजवळ बोअरांनी मार्गावर धोंडे टाकून ब्रिटिशांची चिलखती गाडी घसरवली. बातमीदार म्हणून गेलेला तरुण विन्स्टन चर्चिल त्याच दिवशी कैद झाला. जवळपास अशीच युक्ती कऱ्हाड तालुक्यातल्या शेणोलीला वापरली गेली. ७ जून १९४३ रोजी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने जी. डी. बापू लाड आणि रामचंद्र लाड ऊर्फ कॅप्टन भाऊ यांच्या नेतृत्वाखाली पुणे-मिरज गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली, आणि ती मागे पळू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड रचले. बंदुकांऐवजी हातांत विळे, काठ्या असे गावाकडचे साहित्य होते. त्या जागी आज स्मारक उभे आहे. प्रतिकृतीच्या दृष्टीने हा प्रसंग फार मोलाचा, कारण त्याचा नायक दगड आहे: अर्ध्या मीटरचा धोंडा १:८७ मध्ये जेमतेम सहा मिलिमीटर भरतो, आणि तेवढ्या खड्यांच्या दोन राशींत अख्खी गाडी कोंडलेली दाखवावी लागते.

तारखेला इथे वजन आहे. ७ जून म्हणजे मृग. नांगरट होऊन ढेकळे फुटलेली, जमीन काळी आणि उघडी, बांधावर वाळके गवत, आभाळ भरून आलेले. आज कृष्णाकाठी दिसणारा उसाचा सलग हिरवा पट्टा स्वातंत्र्यानंतरच्या साखर कारखान्यांनी आणि उपसा सिंचनाने पसरवला. तो १९१६ च्या किंवा १९४३ च्या देखाव्यात जसाच्या तसा घालू नये. त्या काळच्या शिवारात ज्वारी, भुईमूग, विहिरीवर मोट आणि बांधाला बाभळ शोभते. ज्याला इंजिनाचा प्रत्येक रिव्हेट ठाऊक आहे, असा कारागीरही शेत चुकवतो. गावच्या म्हाताऱ्या माणसाला मात्र ती चूक आधी दिसते, रिव्हेट नंतर.

हाताच्या कामात सर्वांत जास्त वेळ खडी घेते. या भागातली खडी काळ्या कातळाची असते, म्हणून रंगीत वाळू घेऊ नये. क्रशरवरची कच आणावी. पाच सेंटीमीटरचा खडा १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर जातो. कच आधी पिठाच्या चाळणीने चाळायची, खालचा भाग चहाच्या गाळणीतून काढायचा आणि गाळणीत उरेल ते वापरायचे. खाली पडलेली धूळ शेतातल्या पायवाटेला उपयोगी पडते. कच चमच्याने स्लीपरांमध्ये टाकून बारीक ब्रशने सारखी करायची. मग फेविकॉलमध्ये तेवढेच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब मिसळून ते ड्रॉपरने सोडायचे. लिक्विडचा थेंब विसरला तर गोंदाचे मणी खडीवरून घरंगळतात आणि खडे सोबत घेऊन जातात. थेंब असला की गोंद खाली झिरपतो, पांढरा दिसतो आणि रात्रभरात पारदर्शक होतो. सकाळी बोट फिरवले तर खडी दगडासारखी घट्ट लागते.

माणसे त्याहून अवघड. तयार संचांतले शिपाई बहुधा युरोपीय असतात. त्यांचे टोप कापून टिश्यू पेपरची बारीक पट्टी पातळ गोंदात भिजवून पीळ देत गुंडाळली की फेटा होतो, एम-सीलच्या पातळ पट्ट्या पायाभोवती गुंडाळल्या की पायपट्ट्या. उभे राहण्याची ढबही बदलावी लागते. गाडीची वाट पाहणारा इथला माणूस उकिडवा बसतो, वळकटीला टेकतो, डोक्यावरचे ओझे एका हाताने सावरतो. निरोप देणारी बाई पदर तोंडाशी धरते. ही ढब कुठल्याही संचात मिळत नाही. ती एम-सील सुकण्याआधीच्या थोड्या मिनिटांत बोटांनीच आणावी लागते, आणि देखाव्याचा जीव तिच्यात असतो.

रंगाचाही एक नियम आहे. लांबून पाहिलेली वस्तू फिकी दिसते. लहान प्रतिकृती म्हणजे लांबून पाहिलेली वस्तूच, म्हणून खाकीत, पत्र्याच्या तांबड्या रंगात आणि इंजिनाच्या काळ्यातही थोडा पांढरा किंवा राखी मिसळावा. निव्वळ काळे इंजिन कोळशाच्या भोकासारखे दिसते. धुराड्याभोवती काजळी, पाण्याच्या टाकीखाली पांढुरके ओघळ आणि चाकांवर मुलखाची माती, एवढे पुरते.

चालत्या रेल्वेची रचना पाहायला पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे; सिग्नल आणि सांधे प्रत्यक्ष कसे चालतात ते तिथे कळते. रणगाड्यांसाठी अहिल्यानगरचे संग्रहालय. तिथे पत्र्याची जाडी आणि साखळ्यांची झीज जवळून पाहता येते. गाडीवर लादलेला रणगाडा करायचा असेल तर पाचरी आणि आवळलेले दोर विसरू नयेत, कारण चाळीस टनांचे धूड त्यांच्याच भरवशावर प्रवास करते.

दिवाळीचा किल्ला दिवाळीनंतर मोडतो. हा देखावा टिकवायचा असतो, आणि कृष्णाकाठच्या पावसाळ्यात ते सोपे नाही. प्लास्टर ओल धरते, कागदावर बुरशी येते, लाकडी पाटाला वाळवी लागते. पाटाला खालून-वरून वार्निश द्यावे, माती आणि भुसा वापरण्याआधी कढईत कोरडे भाजून घ्यावे, वर काचेची पेटी ठेवावी आणि पेटीच्या तळाशी हवेला दोन भोके ठेवून त्यांना बारीक जाळी लावावी. पेटीच्या पुढच्या कडेला छोटी पट्टी हवी. तिच्यावर प्रमाण, ठिकाण आणि तारीख एवढेच लिहावे: १:८७, शेणोली, ७ जून १९४३.