सुतक कोणाचे फिटते?

मागे राहिलेल्यांच्या दुःखाला मुदत असावी की नसावी, या प्रश्नाचा विचार मानसशास्त्राने आणि मराठी हिंदू घरांतील उत्तरक्रियेने फार वेगळ्या रीतींनी केला आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोक हे मनाचे एक कामच मानले: गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली ओढ एकेका आठवणीपासून सोडवून घ्यायची आणि ते काम पुरे झाले की मन मोकळे होते. तीनच वर्षांनी त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. पुढे 1929 मध्ये, पुत्रवियोग झालेल्या लुडविग बिन्सवांगर या स्नेह्याला लिहिताना, अशी जागा कशानेही पुरती भरत नाही आणि ती न भरणेच योग्य, असा भाव त्यांनी व्यक्त केला. निबंधातील शोकाला शेवट होता, पत्रातील शोकाला तो राहिला नव्हता.

उत्तरक्रियेने शोक संपवण्याचा दावा केलेलाच नाही. तिने मुदत घातली ती सुतकाला, म्हणजे आप्तांना देवपूजा आणि शुभकार्यापासून दूर ठेवणाऱ्या, बहुधा दहा दिवसांच्या अशौचाला. रोबेर हर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाने 1907 मध्ये बोर्निओतील अंत्यविधींच्या आधारे दाखवले, की मृत आणि त्याचे आप्त हे दोघेही काही काळ अधांतरी असतात आणि मृताला त्याचे नवे स्थान मिळाले की आप्तही समाजात परततात. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणाला, म्हणजे प्रेताचा पिंड आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळून त्याला पितरांत सामील करण्याच्या विधीला, हे विवेचन चपखल लागू पडते.

या साऱ्यात दहाव्याचा काकस्पर्श मानवी दृष्टीने सर्वांत बोलका आहे. पिंड मांडून कावळ्याची वाट पाहिली जाते आणि तो शिवला नाही, तर मृताची कोणती इच्छा अपुरी राहिली असावी याचा अंदाज बांधत ‘मुलीचं लग्न आम्ही करू’, ‘आईला अंतर देणार नाही’ अशी वचने मोठ्याने दिली जातात. तरीही तो आला नाही, तर दर्भाचा कावळा करून वेळ निभावली जाते. परलोकाविषयी काहीही मानले, तरी येथे घरातल्या न बोललेल्या जबाबदाऱ्या चारचौघांत बोलल्या जातात आणि त्यांना साक्षीदार मिळतात, हे नाकारता येणार नाही. तेराव्याच्या गोडजेवणानंतर आप्त कामाला लागतात. मृताशी नाते मात्र वर्षश्राद्धाने आणि भाद्रपदातील पितृपक्षाने चालू राहते.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाणारे (आणि हल्ली तिला मानसोपचाराचा देशी अवतार ठरवण्याची हौस बरीच आहे) एका व्यक्तीला हिशेबातून वगळतात. मृत पती पितरांत गेला, मुलगे-भाऊ व्यवहारात परतले, तरी पत्नीचे परतणे या विधीत धरलेलेच नव्हते. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या कृतींनी तिच्या देहावर जी खूण उमटे, ती तेराव्याला पुसली जात नसे. हळदीकुंकवाला तिला बोलावणे येत नसे. विधुराच्या अंगावर अशी कोणतीही खूण नव्हती आणि त्याच्या पुनर्विवाहाला आडकाठीही नव्हती. शोक ही भावनेची उत्स्फूर्त अभिव्यक्ती नसून समूहाने लादलेले कर्तव्य आहे, असे एमिल दुर्खाइम यांनी 1912 मध्ये म्हटले होते; ते कर्तव्य सर्वांवर सारखे लादले जात नाही, ही गोष्ट येथे उघडी पडते. वैधव्यात तर व्यक्तिगत दुःख आणि सामाजिक शिक्षा एकमेकांत इतकी कालवली गेली, की स्त्री रडते आहे ती नेमकी कशासाठी, हे विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाने पतीचा वियोग हलका होत नाही आणि तसे कोणी म्हणतही नाही. मात्र अंत्यविधीच्या वेळी बांगड्यांकडे हात नेणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना ‘राहू द्या’ म्हणू पाहणाऱ्या मुलीच्या किंवा सुनेच्या पाठीशी आता गावाचा शब्द असतो.