आधी विचारावं लागतं

नागपूरच्या जरीपटक्यात ‘वेंगे’ म्हणजे लॅमिनेटचा रंग. कॅटलॉगमधल्या गडद तपकिरी तुकड्यावर बोट ठेवलं की झालं. खरं वेंगे लाकूड काँगो-कॅमेरूनच्या जंगलातलं. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, हे जवळजवळ पावणेनऊशे. रंध्याची धार बघता बघता जाते, कुसळ बोटात घुसलं तर पिकतं, आणि आतल्या तेला-राळेमुळे पॉलिश नीट धरत नाही. स्क्रूसाठी आधी भोक पाडलं नाही तर फळी सरळ चिरते.

अशी एक जुनी फळी माझ्याकडे पडून होती. शेजारच्या सिंधी काकाजींना तिचं त्यांच्या देवाचं, झूलेलालचं, देवघर हवं होतं. ‘‘मिस्त्री, परदेशी लाकूड देवाला चालतं ना?’’

वराहमिहिराला विचारलं तर पंचाईत. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत त्यानं मूर्तीची लाकडं वर्णांप्रमाणे वाटून दिली आहेत. देवदार-चंदन ब्राह्मणांना, तेंदू शूद्रांना. आपल्या विदर्भातला तेंदू, ज्याची पानं विडीला जातात, तो आबनुसाच्याच कुळातला; जुन्या झाडाचा गाभा काळाभोर निघतो. ही वाटणी बाजूच्या आंबेडकरी इंदोऱ्यात कुणी वाचून दाखवून बघावी! लाकडाला टणकपणा असतो, वास असतो, वर्ण माणसानं चिकटवलेला.

पण त्याच अध्यायातली एक गोष्ट मला सोडवत नाही. झाड तोडण्याच्या आदल्या रात्री त्याची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या भूतांना बळी द्यायचा आणि दुसरीकडे वस्ती करा म्हणून विनवायचं. कुऱ्हाड सकाळी. झाडाला ऐकू येतं की नाही, हा वाद मी घालत नाही. तोडणाऱ्याला एक रात्र थांबावं लागतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. कंटेनर भरणारा थांबत नाही. आज वेंगे धोक्यात आलेल्या झाडांत मोडतं.

काकाजींना हे सांगितलं. त्यांचे वडील फाळणीत सिंध सोडून आलेले. ते म्हणाले, ‘‘आम्हाला तरी कोणी विचारलं होतं? म्हणून आमचा देव बाटला काय?’’

नाही बाटला. फळीही बाटलेली नाही; ती नाकारून काँगोतलं झाड परत उभं राहणार नाही. म्हणून देवघर तिचंच केलं. दाराला मात्र लाकूड कमी पडलं, आणि दुसरी वेंगेची फळी मागवायला मी नकार दिला.

‘‘मग शिसम बघ,’’ काकाजी म्हणाले, ‘‘सिंधमध्ये आमच्या झोपाळ्याला तेच होतं.’’

भाव विचारून ठेवलाय.