दूध दे, पण पेढीत दे

शाहूवाडी, जून 2021

चि. सौ. छकुलीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन मधेच तुटला. आंब्याकडनं पाऊस उतरला की इकडं रेंज आणि वीज दोन्ही जातात, म्हणून राहिलेलं कागदावर लिहिते. भाताचे तरवे टाकून झाले. म्हैस व्याली, तुझ्या वाटणीचा खरवस आम्हीच खाल्ला. कोल्हापुरात रुग्ण काही कमी होईनात, त्यामुळं बाजाराला कुणी फिरकत नाही.

तुझं बोलणं डोक्यातनं जात नाही बघ. शेजारच्या बिल्डिंगमधलं ते तान्हं, आई कोरोनानं गेलेलं. तुला दूध भरपूर आणि त्याला आईच नाही, मग बाटलीत काढून पाठवू का, म्हणालीस. पोरी, तुझ्या मनाला नावं ठेवणारी मी कोण? संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊनं पाजलं, हे मीच तुला सांगितलंय. पण अंगावरच्या दुधातून एचआयव्हीसारखा आजार बाळाकडं जाऊ शकतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. तू धडधाकट आहेस, तरी बाटली, हात, वाटेतला उकाडा यांची हमी कोण देणार? काढलेलं दूध बाहेर चार तासांवर ठेवू नये. आणि घरी गॅसवर उकळलं तर दुधातलं बाळाच्या कामाचं बरंच काही नासून जातं.

तू चुनाभट्टीला राहतेस, शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय तुझ्या जवळच. तिथं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली दुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. पेढीचं काम आपल्या डेअरीसारखंच समज. कॅन कुणाचाही असो, तपासल्याशिवाय पुढं जात नाही. आधी देणाऱ्या बाईची विचारपूस होते. एचआयव्ही, ब प्रकारची कावीळ आणि गुप्तरोग यांसाठी रक्त तपासतात. मग दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून लगेच थंड करतात, त्यात जंतू उरलेत का ते बघतात आणि उणे 20 अंशांवर गोठवून ठेवतात. तसं ते तीन ते सहा महिने टिकतं. गेल्या वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी दुधात मुद्दाम कोरोनाचा विषाणू घालून ते असंच तापवलं, तर विषाणू निकामी झाला. म्हणजे महामारीत भीती दुधाची नव्हे, ते थांबण्याची. टाळेबंदीत बायका दवाखान्याची पायरी चढेनात, आणि कित्येक पेढ्यांकडं येणारं दूध आटलं. काचपेटीतली पोरं मात्र दिवस भरायच्या आधी यायची तशी येतच होती.

त्या पोरांसाठी माझा जीव तुटतो. दवाखान्याच्या नोकरीत असताना एकदा पुरानं कोल्हापूरचा रस्ता बंद, आणि इकडं एक बाई वेळेआधी बाळंत झाली. पोर जेमतेम दीड किलोचं. आईच्या लुगड्यात छातीशी बांधून ठेवलं, तिचंच दूध वाटीत काढून बोंडल्यानं थेंबथेंब पाजलं. पोर जगलं. त्या आईला पान्हाच फुटला नसता तर मी काय केलं असतं, हे आजही मनात येतं. एवढ्याशा पोरांची आतडी वरच्या दुधानं सुजायची भीती असते, म्हणून पेढीतलं दूध डॉक्टर आधी त्यांना देतात.

त्यामुळं तुझं दूध त्या शेजारच्या बाळालाच मिळेल असं नाही, हेही आधीच सांगते. ते बाळ पुऱ्या दिवसांचं, चांगल्या वजनाचं असेल तर डॉक्टर पावडरचं दूध सांगतील. सांगू देत, त्यात पाप नाही. पाणी उकळून, भांडी उकळून, वाटी-चमच्यानं पाजायला त्याच्या आजीला शिकव. ती मदतही छोटी नव्हे.

आणि आधी आपल्या लेकराचं पोट. उरेल तेच द्यायचं. उद्या तुला ताप-खोकला आला तर पेढीला खरं सांग आणि बरी होईपर्यंत तिथलं देणं थांबव. स्वतःच्या बाळाला मात्र तोडू नकोस. मास्क लाव, हात धू आणि पाज. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. इथल्या एका दवाखान्यात आईला कोरोना म्हणून बाळ आठवडाभर लांब ठेवलं. पुढं तिला दूधच येईना, याचा मला फार राग आहे. लस 19 मेपासून अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही खुली झाली आहे. जावईबापूंना सांगून नंबर लाव.

अळीव आणि डिंक पाठवतेय, लाडू वळून घे. पेढीत आधी फोन कर, त्यांच्याकडच्या बाटल्या मिळतात का विचार, घरून काढून आणलेलं घेतात का तेही विचार. ते सांगतील तसंच कर, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आत्या