बांध कोणाचा?

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमाभागात मातीचा एक लांबलचक जुना बांध आहे. पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या बाजूला, खंदक आणि त्यातून उपसलेल्या मातीचा पूर्वेला उंचवटा. त्याला ऑफाचा बांध म्हणतात. ऑफा हा मर्सियाचा राजा, इ.स. ७५७ ते ७९६ हा त्याचा काळ.

हे नाव मुख्यतः एका वाक्याच्या आधारावर उभे आहे. ॲसर या वेल्श धर्मगुरूने ८९३ मध्ये आल्फ्रेड राजाचे चरित्र लिहिले. ऑफाने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घालवला, असे त्यात येते. तोवर ऑफाला जाऊन जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. विसाव्या शतकात सिरिल फॉक्स यांनी या बांधाची पाहणी केली, तेव्हा त्यात मोठमोठी खिंडारे आढळली. तिथे त्या काळी दाट जंगल असावे, म्हणून बांधाची गरज पडली नसेल, असा त्यांचा तर्क होता. पुढे २०१४ मध्ये चर्क गावाजवळच्या मातीच्या नमुन्यांचा काळ इ.स. ४३० ते ६५२ असा निघाला. नमुन्याचे वय म्हणजे बांधकामाचे वय नव्हे; तरीही हे काम एका राजाचे, एका हुकमाचे, असे ठामपणे म्हणणे तेव्हापासून अवघड झाले.

मला प्रश्न पडतो तो यापुढचा. बांध ऑफाचा नाही असे उद्या सिद्ध झाले, तर आजच्या सीमेचे काय बिघडेल? काहीच नाही. ती बऱ्याच ठिकाणी बांध सोडून वेगळ्याच वाटेने जाते. नायटन या गावाचे वेल्श नाव ‘बांधावरचे गाव’ अशा अर्थाचे आहे. गाव वेल्समध्ये आहे आणि त्याचे रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये. लोक रोज ये-जा करतात.

आपल्याकडे शेजाऱ्याने बांध कोरला की आधी जुना नकाशा निघतो. राज्यांच्या सीमावादात शिलालेख आणि जुनी दप्तरे निघतात. जे जुने ते न्याय्य, हे त्यामागचे गृहीत असते. पण बांध घालणाऱ्याने तेव्हा कोणाला विचारले होते, हे त्याच्या वयावरून कळत नाही.

म्हणून भूतकाळ सोडून द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘वेल्श’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘परका’ या अर्थाच्या शब्दापासून आला. त्यांचे स्वतःसाठीचे नाव ‘कम्री’. त्याचा मूळ अर्थ एकाच मुलखाची माणसे. आपल्याच भूमीत परके ठरवले जाण्याची ही नोंद पुसली, तर अन्यायाची तक्रारही पुसली जाईल. मूळ शोधायचे ते यासाठी. कोणाचे काय देणे लागतो, हे त्यातून कळते. रेघ आज कुठे असावी, हे मात्र तिच्या दोन्ही बाजूंना आज राहणाऱ्यांनाच विचारावे लागते.

आणि तो खंदक ज्यांनी खणला, त्यांचे काय? ॲसरने राजाचे नाव लिहिले. खणणाऱ्यांपैकी कितीजण पूर्वेचे, कितीजण पश्चिमेचे, आणि किती जणांना ती सीमा हवी होती, हे त्या वाक्यात नाही.